ऑक्टेव्हिया आरएस: डायव्हर्टर व्हॉल्व्हच्या व्हॅक्यूम लाइनचं काम

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार

गाडी २००५ ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. १७८१ सीसी, एका सिलिंडरला पाच असे एकूण वीस व्हॉल्व्ह, टर्बो पेट्रोल, १५० पीएस. स्कोडाने छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ साली काम सुरू केलं ते ऑक्टेव्हियापासून. त्यामुळे जुन्या ऑक्टेव्हिया आपल्याकडे अजून बऱ्याच दिसतात, पण त्यातली आरएस क्वचित. हेच इंजिन तेव्हाच्या गोल्फ जीटीआय, पासाट, ऑडी ए४ आणि टीटीमध्येही होतं. म्हणून सुटे भाग अजून मिळतात, फक्त थांबायची तयारी लागते.

माझ्या आधीच्या मालकाने कंपनीचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय उचलल्यावर टर्बोने दाबलेली हवा परत टर्बोच्या तोंडाशी वळवणारा) काढून आवाजाचा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (तीच हवा बाहेर सोडणारा) बसवलाय. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की 'फुस्स'. पोरं वळून बघतात, त्यापलीकडे फायदा काही नाही. तक्रारी मात्र अशा:

गिअर बदलताना मागून काळा भपका येतो आणि पुढच्या गिअरला गाडी क्षणभर अडखळते. सिग्नलला आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे) हजारापर्यंत जातं, खाली येतं, परत चढतं. चढावर पाय अर्धवट उचलला की टर्बोच्या बाजूने पारवा घुमल्यासारखा आवाज येतो. आणि जोर कमी आहे. फार नाही, पण कमी आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांच्याकडे गाडी नेतो त्या मामांनी बॉनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं. म्हणाले, "व्हॉल्व्ह बदलायच्या आदी त्याची नळी कुठनं कुठं जातीया ती बघ. व्हॉल्व्ह काय, नळी सांगंल तेच करतोय."

या कामाची दिशा तीच. व्हॉल्व्हवर सगळे बोलतात, त्याच्या रंगावर आणि आवाजावर तर फारच. त्याला हुकूम देणाऱ्या चार-सहा मिलिमीटरच्या नळीकडे कोणी बघत नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

दिवसभर फक्त नळ्या शोधल्या. काहीही उपटलं नाही. प्रत्येक नळीला दोन्ही टोकांना एकाच रंगाची इन्सुलेशन टेप लावली आणि वहीत चित्र काढलं. हे कंटाळवाणं काम आधी केलं नाही, तर नंतर हातात सुटी टोकं घेऊन उभं राहावं लागतं.

या इंजिनात टर्बो मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधली भिंत) बाजूला आहे आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) पुढे. म्हणजे थंड बाजू समोर, भट्टी मागे. कंपनीच्या मांडणीत मॅनिफोल्डमधून निघालेली नळी एन२४९ नावाच्या सोलेनॉइडला (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह) जाते आणि तिथून डायव्हर्टर व्हॉल्व्हच्या डोक्यावर. एन२४९ च्या तिसऱ्या तोंडाला व्हॅक्यूमची काळी प्लास्टिकची टाकी जोडलेली असते. माझ्या गाडीत सोलेनॉइड जागेवर आहे, वायरिंगचा प्लग लावलेला आहे, टाकीही आहे. नळ्या मात्र गायब. तिन्ही तोंडं उघडी, त्यात धूळ आणि कोळ्याचं जाळं.

मग ब्लो-ऑफ व्हॉल्व्हला व्हॅक्यूम येतं कुठून? फ्युएल प्रेशर रेग्युलेटरच्या (पेट्रोलचा दाब राखणारा) नळीतून. तिथे टी (तीन तोंडांचा जोड) मारली आहे, आणि ती टी माशांच्या टाकीत हवा सोडायला वापरतात तसली पांढरी प्लास्टिकची. तिथून पुढे पारदर्शक नळी, तीही माशांच्या टाकीचीच. सिलिंडर हेडच्या मागून, टर्बोच्या हीट शिल्डपासून वीतभर अंतरावरून ती फिरवली आहे. उष्णतेने पिवळी पडून मऊ झालीय. इंजिन सुरू करून टॉर्च मारला तेव्हा खरा प्रकार दिसला: आयडलला नळीच्या दोन्ही भिंती आत ओढल्या जाऊन एकमेकींना चिकटतात. कागदी स्ट्रॉने घट्ट लस्सी ओढावी तसं. ॲक्सिलरेटर दिला की हळूहळू परत गोल होते.

व्हॉल्व्हला उघडायचा हुकूम नेमका ज्या क्षणी जायला हवा, त्याच क्षणी नळी मिटते.

मॅनिफोल्डचा एक स्वतंत्र निपल (नळी बसवायचं तोंड) रिकामा असेल असं वाटलं होतं. तो आहे, पण त्यावर डॅशबोर्डवरच्या बूस्ट गेजची (बूस्ट म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) बारीक नायलॉनची नळी आहे. म्हणजे नुसतं बघायच्या यंत्राला स्वतंत्र लाइन आणि काम करणाऱ्या व्हॉल्व्हला उसनी.

५ ऑक्टोबर, शनिवार

मोजमापं. हातपंपाचं व्हॅक्यूम गेज एका मित्राकडून आणलं.

आयडलला मॅनिफोल्डमध्ये १८ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम, एसी लावल्यावर १५-१६. पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे असतात. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, आणि दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी धरायचा. त्या हिशेबाने १८ चांगलेच आहेत. इंजिन निरोगी आहे.

आता बसवलेला व्हॉल्व्ह काढून हातपंपाला जोडला. १२ इंचांवर त्याचा पिस्टन सीटवरून उठतो. म्हणजे एसी चालू असो वा बंद, आयडलला तो सतत थोडा उघडा. आणि हा व्हॉल्व्ह बाहेर तोंड असलेला, त्यामुळे न मोजलेली हवा त्यातून आत शिरते. व्हीसीडीएस (लॅपटॉपवरून गाडीच्या नोंदी वाचायचं सॉफ्टवेअर) लावून ०३२ गट पाहिला: आयडलचं ट्रिम (पेट्रोलची दुरुस्ती) अधिक ५.८ टक्के. इसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल वाढवून वाढवून दमलंय. सिग्नलवरच्या डुलक्यांचं कारण हे.

काळ्या धुराचं कारण याच्या उलट. या इंजिनात एअरफ्लो मीटर टर्बोच्या आधी, एअर फिल्टरला लागून असतो. त्याने मोजलेली हवा इंजिनात जाणार असं धरून इसीयू पेट्रोल सोडतं. पाय उचलल्यावर तीच हवा व्हॉल्व्हने बाहेर फेकली तर पेट्रोलच्या वाट्याची हवा गेली. म्हणून कंपनी ती हवा बाहेर न सोडता टर्बोच्या तोंडाशी परत आणते. ज्या गाड्यांना एअरफ्लो मीटर नाही, मॅनिफोल्डचं प्रेशर मोजूनच काम चालतं, तिथे बाहेर सोडलेलं खपून जातं. इथे नाही. तेव्हा आवाजाचा व्हॉल्व्ह बाद, कंपनीच्या धर्तीचा परत. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ वरून कुणाशी हुज्जत घालायची हौस मला नाही.

एक गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवली, कारण धोका तिच्यात आहे. रेग्युलेटरवर ३ बार कोरलंय. हा आकडा रेल्वेगाडीच्या रुळासारखा स्थिर नसतो. मॅनिफोल्डमधल्या दाबापेक्षा ३ बार जास्त, असा त्याचा अर्थ. बूस्ट ०.६ असेल तर रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी) ३.६ हवेत. बूस्टमध्ये ती माशांच्या टाकीची टी निसटली तर रेग्युलेटरला बाहेरची हवा दिसणार, रेल ३ वरच राहणार आणि इंजेक्टरवर फरक उरणार २.४ चा. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणजे पेट्रोल सुमारे १० टक्के कमी, तेही इंजिनाला सगळ्यात जास्त गरज असताना. भर बूस्टमध्ये मिश्रण पातळ झालं की नॉकिंग (सिलिंडरमध्ये अवेळी भडका), आणि नॉकिंग म्हणजे पिस्टन गेला. एका टीपायी.

रेग्युलेटरची नळी आजच स्वतंत्र केली. तिच्यावर यापुढे काहीही जोडायचं नाही, गेजसुद्धा नाही.

व्हॉल्व्हची ऑर्डर दिली: बॉशचा, ०६ए १४५ ७१० एन. या इंजिनवाल्यांच्या तोंडी नुसता '७१० एन'.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

खंडेपूजा. पान्ह्यांच्या पेटीला, जॅकला, कंप्रेसरला हळद-कुंकू आणि झेंडू. गाडीला हार. आज नट हलवायचा नाही, असं आईने बजावलंय.

पार्सल आलंय, फक्त उघडून पाहिलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

७१० एन बसवण्याआधी तपासला. रबरी डायफ्रॅमचा व्हॉल्व्ह तपासायला यंत्र लागत नाही: खालच्या तोंडातून बोटाने आतलं झाकण वर दाबायचं, डोक्यावरचा निपल दुसऱ्या बोटाने बंद करायचा आणि झाकण सोडायचं. वरच राहिलं तर डायफ्रॅम शाबूत. खाली आलं तर फाटलाय. हा राहिला. नवीन मालही तपासून घ्यावा, कारण नकली ७१० एन बाजारात भरपूर आहेत. मग हातपंपावर पाहिलं: सात इंचांच्या आसपास हलायला लागतो आणि ओढलेलं व्हॅक्यूम सुई न हलता धरून ठेवतो.

आयडलला हाही उघडा राहणार, पण त्याने बिघडत नाही. हवा मीटरमधून मोजून आलेली असते आणि पाइपातल्या पाइपात फिरते.

नळीसाठी लक्ष्मीपुरीत गेलो. तीन पर्याय समोर होते.

सिलिकॉन: दिसायला झकास, निळी, लाल, हवी ती. उष्णता चांगली सोसते. पण पातळ भिंतीची घेतली तर त्या पारदर्शक नळीसारखीच चपटी होते, आणि धारदार कडेला घासली की चर पडून फाटत जाते. तेल-पेट्रोलच्या वाफेशीही तिचं जमत नाही.

साधी पेट्रोलची रबरी नळी: जाड, दणकट, पण आमच्या कामाच्या मापात वळणावर मोडते.

तिसरा पर्याय मामांचा. "डिझेलच्या रिटर्नची कापडी नळी घे. जर्मन गाड्यांत मूळची तीच असतीया." डिझेल इंजेक्टरच्या रिटर्नला वर कापडाची वीण असलेली बारीक काळी नळी असते, ती. खरंच, कंपनीच्या नळीचा उरलेला एक तुकडा गाडीत सापडला तो तसाच होता. त्याने या नळीचा दोषही दाखवला: वरून कापड ठणठणीत, पण तुकडा आडवा कापून वाकवला तर आतलं रबर वाळलेल्या चिखलासारखं भेगाळलेलं. कापड सगळं झाकतं. म्हणून वीस वर्षांची गाडी असेल तर 'दिसायला चांगली आहे' म्हणून कापडी नळी ठेवू नये.

रेग्युलेटरला साडेतीन मिलिमीटरची कापडी नळी घेतली. व्हॉल्व्हच्या लाइनला जाड भिंतीची सिलिकॉन, आतून ६ मिलिमीटर.

६ का, ४ का नाही? मीटरभर ४ मिलिमीटरच्या नळीत सुमारे साडेबारा घनसेंटिमीटर हवा मावते, ६ च्या नळीत अठ्ठावीस. व्हॉल्व्ह उघडायला तेवढी हवा आधी उपसावी लागते, मग बारीक नळी बरी असं वाटतं. पण संथ प्रवाहात नळीचा अडथळा व्यासाच्या चौथ्या घातात घटतो. दीडपट व्यासाला अडथळा पाचव्या हिश्श्यावर येतो आणि उपसायची हवा सव्वादोन पट होते. सौदा फायद्याचा. त्यापुढे ८-१० मिलिमीटरला अर्थ नाही, कारण मॅनिफोल्डच्या निपलचं भोक तेवढं मोठं नसतंच. लांबी कमी करणं मात्र दोन्ही बाजूंनी फायद्याचं.

२० ऑक्टोबर, रविवार

प्रत्यक्ष नळी टाकली. नोंद लांबणार.

पहिला प्रश्न, सिग्नल घ्यायचा कुठून. थ्रॉटलच्या (हवेची वाट उघडणारी झडप) पुढे, म्हणजे मॅनिफोल्डच्या बाजूला, याबद्दल दुमत नाही. व्हॉल्व्हचं सगळं गणित त्यावर उभं आहे: डायफ्रॅमच्या वर मॅनिफोल्डचा दाब अधिक स्प्रिंग, खाली टर्बोचा दाब. बूस्टमध्ये वर-खाली दाब जवळपास सारखा, स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटून धरते. थ्रॉटल मिटला की वर एकदम व्हॅक्यूम, खाली अजून बूस्ट, फरक बारच्या पुढे आणि व्हॉल्व्ह उघडतो. नळी थ्रॉटलच्या आधीच्या पाइपातून घेतली तर वर-खाली कायम सारखंच, व्हॉल्व्ह कधीच उघडणार नाही. नळी निसटून उघडी राहिली तर वर फक्त बाहेरची हवा आणि स्प्रिंग, मग बूस्टच व्हॉल्व्हला ढकलून उघडतो आणि गाडीचा दम जातो. 'टर्बो गेला' म्हणून आलेल्या गाडीत आधी हे बघावं.

मामांकडच्या पोराने सुचवलं, "दादा, ब्रेक बूस्टरची जाड लाइन हाय की, तिथनं घ्या." ब्रेकच्या लाइनला हात लावायचा नाही, हे एक. दुसरं, त्या लाइनमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. त्याच्या पलीकडून, बूस्टरच्या अंगाने टी मारली तर व्हॅक्यूम अडकून राहतं, बूस्टचा दाब तिथे पोचतच नाही आणि आपला व्हॉल्व्ह कायमचा उघडा. हे असं केलेल्या गाड्या मी पाहिल्यात. डायव्हर्टरच्या लाइनमध्ये हवा दोन्हीकडे जाता यायला हवी: बूस्टमध्ये आत, पाय उचलल्यावर बाहेर.

निर्णय: गेजचा निपल व्हॉल्व्हला. गेज काढून टाकलं. मॅनिफोल्डचा दाब केबिनमध्ये आणणारी नायलॉनची नळी मला तशीही नको होती. इसीयूचा स्वतःचा बूस्ट सेन्सर आहे, व्हीसीडीएसवर त्याचे आकडे मिळतात. फायरवॉलच्या भोकात नवीन रबरी बूच.

निपल कार्बनने अर्धा भरला होता. बारीक ड्रिल हाताने फिरवून साफ केला, मशीनला लावून नाही, आणि ड्रिलच्या पात्यावर ग्रीस, म्हणजे कचरा आत पडण्याऐवजी चिकटून बाहेर येतो.

आता रस्ता. आधीची नळी हेडच्या मागून जात होती, मी ती पुढून नेली. मॅनिफोल्डच्या बुडातून निघून वायरिंगच्या हार्नेसबरोबर, मग एअरबॉक्सच्या (एअर फिल्टरचा डबा) खालून टर्बोच्या इनलेटच्या रबरी पाइपापाशी, जिथे व्हॉल्व्ह बसतो. मागचा रस्ता मोजून थोडा छोटाच होता, पण तिथली उष्णता परवडत नाही.

तीन जागा अवघड निघाल्या. मॅनिफोल्डच्या सपोर्टच्या लोखंडी पट्टीची कड अगदी पात्यासारखी आहे. तिथे नळीवर जुन्या रेडिएटर होजचा उभा चिरलेला तुकडा चढवून वर केबल टाय. एअरबॉक्सखाली नळी चिमटत होती, बॉक्स बसवल्यावर दिसतही नाही. म्हणून नळीवर ओला खडू फासला, बॉक्स बसवला, काढला. खडू जिथे पुसला गेला तिथून नळी दोन बोटं खाली घेतली. तिसरी जागा व्हॉल्व्हपाशीच. इंजिन माउंटवर हलतं, गिअर टाकताना चांगलंच कलतं, म्हणून इंजिनाकडून बॉडीकडे जाणाऱ्या नळीला तिथे सैल वळण ठेवावं लागतं. ताणून बसवलेली नळी पहिल्या जोरदार स्टार्टला निपलवरून सरकते.

केबल टाय कुठे आवळायचे याचं एक तारतम्य आहे. टाय नळी धरायला असतो, दाबायला नाही. नळी टायच्या आत फिरवता यायला हवी. निपलवर मात्र टाय नाही, तिथे छोटी स्प्रिंग क्लिप. स्क्रूची क्लिप एवढ्या लहान मापात एका बाजूला चिमटा काढते आणि समोर फट ठेवते.

नवी लाइन ६५ सेंटिमीटर भरली. मध्ये एकही टी नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

प्रेशर टेस्ट. एअरफ्लो मीटर काढून इनलेट पाइपच्या तोंडाला पीव्हीसीची एंड कॅप, तिला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. कंप्रेसरच्या रेग्युलेटरवर ०.७ बार, त्याच्या वर नाही. याआधी ब्रीदरची (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर नेणारी) नळी इनलेट पाइपावरून काढून दोन्हीकडे बूच मारावं लागतं, नाहीतर टेस्टची हवा थेट क्रँककेसमध्ये जाऊन डिपस्टिक उडते, सील उचकटतं.

साबणाच्या पाण्याने फवारलं. व्हॅक्यूमच्या नव्या लाइनवर एक बुडबुडा नाही. पण इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) खालच्या होजवर फेसाचा ढीग जमला, क्लिप सैल होती. जोर कमी असल्याची निम्मी तक्रार इथेच असावी. आवळली.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

काम नाही. पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला गाडी काढली तेवढीच. काळा भपका गेला. आयडल स्थिर. फटाक्यांच्या आवाजात टर्बोचा आवाज काही ऐकू आला नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

रस्त्यावरची चाचणी. शेजारी लॅपटॉप घेऊन भाऊ.

आधी खातरजमा: इंजिन बंद, चावी चालू, व्हीसीडीएसच्या ११५ गटात (बूस्टच्या नोंदी) प्रत्यक्ष दाब ९५० मिलिबार. साडेपाचशे मीटर उंचीला असाच हवा. सेन्सर खरं बोलतोय.

पुणे-बेंगळुरू महामार्गावर आपल्या बाजूला सहापदरीकरणामुळे जागोजाग वळणरस्ते होते, म्हणून कागल ओलांडून निपाणीच्या बाजूला गेलो. पहाटेचा मोकळा रस्ता, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल. इसीयूची मागणी १५५० च्या आसपास, प्रत्यक्ष १५३०-१५४०. आधीच्या नोंदींत प्रत्यक्ष १४५० ला अडकत होता. पाय पूर्ण उचलला की व्हॉल्व्ह लगेच उघडतो, पुढच्या गिअरला अडखळणं नाही. इथपर्यंत उत्तम.

परतल्यावर दुपारी पन्हाळ्याकडे. वाघबिळाच्या पुढच्या चढावर मुद्दाम पाय अर्धवट उचलून पाहिलं. घुमण्याचा आवाज आहे. पूर्वीपेक्षा कमी, पण आहे.

विचार केला तर उलगडा सोपा आहे. पाय अर्धाच उचलला तर थ्रॉटल अर्धाच मिटतो. मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयारच होत नाही, दाब फक्त शून्याजवळ येतो. पाइपात ०.४ बूस्ट, वर शून्य अधिक स्प्रिंग. एवढ्या फरकाला व्हॉल्व्ह धड उघडत नाही. हवा थ्रॉटलवर आपटून कंप्रेसरकडे परत येते, पाती तिला कापतात, तो हा आवाज. नळी कितीही छोटी आणि जाड केली तरी जे व्हॅक्यूम मॅनिफोल्डमध्ये नाहीच ते ती आणणार कुठून?

कंपनीने एन२४९ आणि ती काळी टाकी यासाठी ठेवली होती. आयडलला आणि उतारावर टाकीत व्हॅक्यूम साठतं. इसीयूला वाटलं की आता बूस्ट सोडायला हवा, तर ते सोलेनॉइडला करंट देतं आणि मॅनिफोल्डऐवजी टाकी व्हॉल्व्हला जोडली जाते. मॅनिफोल्डमध्ये काहीही असो, व्हॉल्व्ह उघडतो. करंट नसेल तेव्हा सोलेनॉइड मॅनिफोल्ड आणि व्हॉल्व्ह सरळ जोडून ठेवतो. या इंजिनवर हात साफ करणारे बहुतेक जण एन२४९ काढून टाकतात. 'नळ्यांचं जंजाळ कमी झालं' एवढाच त्यातला युक्तिवाद. जास्त बूस्टच्या ट्यून केलेल्या गाडीला चालत असेल. रोजच्या घाटातल्या गाडीला मला तो पटत नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मतदान, मग दिवसभर गॅरेज.

एन२४९ काढून धुतला. व्हीसीडीएसच्या आउटपुट टेस्टमध्ये टकटक ऐकू येते, म्हणजे कॉइल आणि वायरिंग ठीक. तोंडाने फुंकून तोंडं ओळखली: करंट नसताना मॅनिफोल्ड ते व्हॉल्व्ह मोकळं, टाकीचं तोंड बंद. बॅटरीवरून १२ व्होल्ट दिल्यावर टाकी ते व्हॉल्व्ह मोकळं.

टाकीला हातपंप लावून १८ इंच ओढले आणि चहाला गेलो. परत आलो तेव्हा सुई तिथेच. टाकीच्या शाखेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो, आणि तो नवा घेतला. गेल्या महिन्यात मी ज्याला डायव्हर्टरच्या लाइनमध्ये हाकलून दिलं तोच इथे हवा आहे: टाकीकडून मॅनिफोल्डकडे फुंकर जायला हवी, उलट नको, नाहीतर बूस्ट टाकीत भरेल. बाण बघून बसवायचा, पण त्याआधी तोंडाने फुंकायचा. घेतलेल्यावर बाण उलटा छापलेला निघाला.

मांडणी बदलली ती अशी. मॅनिफोल्डच्या त्याच निपलवरून ६ मिलिमीटरची लाइन, सुरुवातीलाच पितळी टी. उद्यमनगरात लेथवर करून घेतली, आतून कुठे आकुंचन नाही. टीची एक बाजू नॉन-रिटर्नमधून टाकीला. दुसरी एन२४९ ला, तिथून व्हॉल्व्हला. एन२४९ आता पूर्वीच्या जागी नाही, एअरबॉक्सच्या ब्रॅकेटवर, व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर आणला. वायर जेमतेम पोचली. त्यामुळे सोलेनॉइड ते व्हॉल्व्ह हा तुकडा फक्त २० सेंटिमीटरचा राहिला. टाकीतून हुकूम निघाल्यावर जो काही उशीर व्हायचा तो या तुकड्यातला, म्हणून तो लहान. टाकीकडची नळी लांब असली तरी चालते, तिथे घाई नसते.

सोलेनॉइडच्या तोंडांचं भोक मात्र ६ मिलिमीटरचं नाही, बारीक आहे. म्हणजे सरळ लाइनपेक्षा थोडा चपळपणा गेला. पाय पूर्ण उचलल्यावरच्या नोंदींत तो मला दिसला नाही.

संध्याकाळी पुन्हा वाघबीळ. त्याच वळणावर, त्याच गिअरमध्ये पाय अर्धवट उचलला. आवाज बंद. भाऊ म्हणाला, "आता काहीच ऐकू येत नाही, मग पैसे कुठं गेले?"

८ डिसेंबर, रविवार

वापरानंतरची तपासणी. ०३२ गट: आयडल ट्रिम अधिक ०.९, चालू गाडीचं उणे १.४. बिघाडाचा कोड नाही. स्प्रिंग क्लिप जागच्या जागी. पट्टीवरच्या रेडिएटर होजच्या तुकड्याला घासल्याची खूण आहे, आतल्या नळीला नाही. टाकी इंजिन बंद केल्यावरही व्हॅक्यूम धरून ठेवते.

एअरबॉक्सखालची नळी पुन्हा खडू लावून पाहिली, कुठे लागत नाही.

आवाजाचा जुना व्हॉल्व्ह घ्यायला एक पोरगा आला होता. त्याच्या गाडीला एअरफ्लो मीटर आहे का ते आधी बघायला सांगितलं, आणि माशांच्या टाकीची नळी त्याला दिली नाही. दिली असती तर त्याने वापरली असती.

इंटरकूलरच्या होजची क्लिप पुन्हा अर्धा वेढा घेते आहे, रबर बसतंय तसं. जानेवारीत ब्रीदरचे पाइप बदलायचे आहेत, टेस्टच्या वेळी काढले तेव्हा दोन जागी चिरलेले दिसले. तेव्हाच होजही बदलेन.